एका पानावरच्या दोघी

शनिवारी दुपारी वृंदा केळुसकर आपल्या चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायची आणि आतल्या खोलीत, जिथे एरवी डोळे तपासले जात, तिथे एका जुन्या नभोनाट्यावरच्या देवबंदर-कोशाची बैठक भरायची. भिंतीवरच्या पडद्यावर कुडाळपासून इंदूर-मस्कतपर्यंतचे पंधरा-वीस चेहरे दिसत. प्रत्यक्ष हजर असायचे ते दोघंच. एक वृंदा आणि दुसरे भाई परुळेकर. भाईंनी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली होती आणि आता निवृत्तीनंतर ते तेच काम फुकट करत होते, वर पदरचा चहा पिऊन.

भाई मोठ्याने वाचत. विरामचिन्हांसकट. "चंद्रामावशीच्या खानावळीत सात बाकडी होती पूर्णविराम." समोरचा स्वयंसेवक मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून बघे. मग कोणीतरी हात वर करी आणि म्हणे, की बाकडी सहाच होती, सातवं पुराच्या भागात वाहून गेलं. त्यावर पाऊण तास भांडण. चाहत्यांना भांडायला विषय मोठा लागतो असं नाही. चंद्रामावशीचं मांजर बोका होता की भाटी, यावरून दोन मित्रांनी एकमेकांच्या लग्नाला जायचं टाळलं होतं.

आजच्या काळात ही मेहनत माणसांनी कशाला करायची, असं कोणालाही वाटेल. यंत्रं हे काम चुटकीसरशी करतात. पण यंत्रांनीच सगळा घोळ करून ठेवला होता. काही वर्षं यंत्रांनी लिहिलं, दुसऱ्या यंत्रांनी ते वाचून आणखी लिहिलं, आणि जाळ्यावरच्या मजकुरात खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं हे कोणाला सांगता येईना. शेवटी 'मनुष्यमुद्रा' आली. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ताडायचं, तिसऱ्याने सही करायची. तीन जिवंत माणसांच्या हाताखालून गेलेल्या पानालाच ही मुद्रा मिळे, आणि शाळा, दवाखाने, विचारयंत्रं असल्या पानांवरच विश्वास ठेवत. पोटापाण्यासाठी लिहिणाऱ्यांना एवढी उस्तवार परवडत नव्हती. चाहत्यांना परवडत होती. त्यामुळे गंमत अशी झाली की एका बंद पडलेल्या नभोनाट्याचा हौशी कोश सरकारी दप्तरांपेक्षा विश्वासार्ह ठरला. त्याचा कोशवाल्यांना केवढा अभिमान! आपल्या पानांचा कोण, कुठे, कशासाठी उपयोग करतं, याची चौकशी मात्र त्यांच्यापैकी एकानेही कधी केली नव्हती.

'देवबंदर' हे नभोनाट्य दर रविवारी सकाळी लागायचं. एका काल्पनिक बंदरातली माणसं, त्यांच्या बोटी, भांडणं, लग्नं. पंचवीस-तीस वर्षं चाललं. त्या नभोवाणी केंद्राची एक विचित्र रीत होती. शेवटी कलाकारांची नावं सांगत नसत. ऐकणाऱ्याला बंदर खरं वाटलं पाहिजे, असा लेखक सामंतांचा हट्ट. त्यामुळे चंद्रामावशीचा आवाज लीलावती तोरसकरांचा, हे लोकांना फार उशिरा कळलं. कोश सुरू झाला तेव्हा जुन्या चाहत्यांनी पात्र आणि कलाकार यांचं एकच पान केलं. चंद्रामावशीची खानावळ आणि लीलावती तोरसकरांचं वेंगुर्ल्यातलं घर, चंद्रामावशीचा नवरा आणि लीलाताईंचा नवरा, सगळं एकाखाली एक. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. त्यांच्या लेखी त्या दोघी एकच होत्या.

ही पानं वेगळी करायची, असं वृंदाने ठरवलं. चाहत्यांनी त्या मोहिमेचं नाव ठेवलं 'काडीमोड'. वृंदा स्वभावाने शिस्तीची. तिने जोड्या लावून दिल्या, नियम केले. आपण लिहिलेलं आपण तपासायचं नाही. नवख्याला हिडीसफिडीस करायची नाही. आणि पान पुरं झालं, की कलाकार हयात असेल तर दोघांनी त्याच्या घरी जाऊन ते त्याला वाचून दाखवायचं, तो हो म्हणाला तरच मुद्रा. हा शेवटचा नियम वृंदाचा लाडका होता. आतापर्यंत सात-आठ म्हाताऱ्या कलाकारांनी आपलं पान ऐकून डोळे पुसले होते, आणि बहुतेकांनी पोह्यांचा आग्रह केला होता.

चंद्रामावशीचं पान मागून घेतलं ते साळुंकी नावाच्या एका नव्या स्वयंसेविकेने. टोपणनाव घ्यायला कोशात मुभा होती. साळुंकी चेहरा दाखवत नसे, फक्त आवाज. कामाला मात्र वाघ. कुटुंबाविषयीच्या परिच्छेदाशी आली तेव्हा ती थांबली.

"हे वाक्य बघा," ती म्हणाली. "'मुलगा गुरुनाथ वादळात हरवला होता, अकरा महिन्यांनी परत आला, आता मोठ्या बोटीवर असतो.' परत आला तो चंद्रामावशीचा रघू. लीलाताईंचा गुरुनाथ परत आला नाही."

"पुरावा?" भाईंनी विचारलं.

साळुंकीने त्या वर्षीच्या प्रादेशिक बातम्यांचं ध्वनिमुद्रण लावलं. वादळात बेपत्ता झालेल्या मच्छीमार बोटी, मग खलाशांची नावं. गुरुनाथ तोरसकर. नंतरच्या एका बातमीपत्रात शोध थांबवल्याचं सांगितलं होतं. भाईंनी दोन्ही बातम्या पुन्हा पुन्हा ऐकल्या. भिंतीवरच्या चेहऱ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. एवढी ढोबळ चूक इतकी वर्षं मुद्रेखाली बसून होती आणि आपल्या मोहिमेने ती पकडली! वृंदाला त्या दिवशी खरोखर धन्य वाटलं. साळुंकी तेवढी काही बोलली नाही.

"लीलाताईंना पान वाचून दाखवायचं राहिलं," वृंदाने आठवण केली.

"त्या आजारी आहेत," साळुंकी म्हणाली. "आत्ता नको. नंतर बघू."

आजारी माणसाला त्रास कशाला, म्हणून वृंदाने आपला लाडका नियम एवढ्यापुरता बाजूला ठेवला आणि तिसरी सही केली.

पुढच्या आठवड्यात एक मध्यमवयीन गृहस्थ दुकानात आले. डोळ्यांना चष्मा नव्हता आणि तपासायलाही ते आले नव्हते.

"देवबंदराचा कोश तुम्हीच चालवता ना? मी दिगंबर आरोलकर. वेंगुर्ल्यात माझा बर्फाचा कारखाना आहे. लीलाताई माझ्या सासूबाई."

वृंदाने हसून खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"तुम्ही काय करून ठेवलंत, ते तुम्हाला ठाऊक तरी आहे?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लीलाताईंना विस्मरणाचा आजार. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कानामागे 'स्मृतिसाहाय्यक' बसवला होता. वाटाण्याएवढं यंत्र. कोकणात त्याला लोक 'आठवणकर' म्हणत, जणू तो कोणी शेजारचा सद्गृहस्थ असावा. समोर कोण आहे, आज वार कुठला, न्हाणीघर कुठल्या बाजूला, हे आठवणकर हलकेच कानात सांगतो. कोणी काही विचारलं आणि माणूस अडखळला, की उत्तर पुरवतो. त्याचं ज्ञान दोन ठिकाणांहून येतं. घरच्यांनी सांगितलेलं, आणि घरच्यांनी निवडून दिलेल्या मुद्रांकित पानांवरून वाचलेलं. लीलाताईंच्या आयुष्याची तीस वर्षं घरच्या कोणालाही आठवत नसतील इतकी नीट देवबंदर-कोशात लिहिलेली होती. कुठल्या रविवारी कुठला भाग, कोणाबरोबर, कोणता प्रसंग. तेव्हा घरच्यांनी कोशावर बोट ठेवलं.

"म्हणजे दोन वर्षं आठवणकर त्यांना सांगत होता..." वृंदाचं वाक्य पुरं होईना.

"गुरू मोठ्या बोटीवर आहे म्हणून. आम्हाला कळलं तेव्हा आम्हीही चपापलो. पण त्या खुशीत होत्या हो. डॉक्टर म्हणाले, राहू दे. रविवारी पहाटे यंत्र नवीन पानं वाचून घेतं. गेल्या रविवारपासून ते त्यांना खरं सांगतंय. त्या विचारतात, ते सांगतं. त्या रडतात, विसरतात, पुन्हा विचारतात. दिवसभर, बाई! रोज नव्याने मुलगा मरतोय त्यांचा."

वृंदा म्हणाली, "तुम्ही यंत्राला घरून सांगून बघा, की—"

"एकट्यादुकट्या नातेवाइकाचं ते ऐकत नाही. म्हाताऱ्यांच्या कानात काहीबाही भरून जमिनी लिहून घेतल्या लोकांनी, तेव्हापासून मुद्रेच्या पानापुढे घरच्यांचा शब्द चालत नाही. आणि तुमचा कोश काढून टाकला तर सासूबाईंना आपण कोण हेच कळत नाही. एक दिवस करून बघितलं. घरात चोर शिरल्यासारख्या कोपऱ्यात बसून राहिल्या. तुम्ही ते जुनं वाक्य परत घाला. एक वाक्य. तुमचं काय जातंय?"

दुसऱ्याच दिवशी वृंदा भाईंना घेऊन वेंगुर्ल्याला गेली.

बंदराच्या रस्त्यावर दोन खोल्यांचं स्लॅबचं घर होतं. लीलाताई पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. पांढरेशुभ्र केस, अंगावर स्वच्छ सुती लुगडं. वृंदाने तो आवाज लहानपणापासून हजारदा ऐकला होता. तिला वाटलं होतं की भेटीत आपल्याला हुंदका येईल. पण लीलाताईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, कानामागचा पिवळा दिवा क्षणभर लुकलुकला आणि त्या परक्या आदबीने म्हणाल्या, "येवा, बसा."

आतून त्यांची मुलगी पाणी घेऊन आली. पन्नाशीची, ओढलेल्या चेहऱ्याची.

"प्रणिता," दिगंबरांनी ओळख करून दिली.

लसणाच्या पाकळ्या ताटलीत पडत होत्या. मधेच लीलाताईंचा हात थांबला.

"गो, गुरू खय रवलो? जेवणाचो वखत झालो."

पिवळा दिवा पेटला. आठवणकर काय बोलला ते कोणाला ऐकू आलं नाही, पण ते लीलाताईंच्या चेहऱ्यावर दिसलं. सुरी हातातून खाली पडली. तोंड उघडं राहिलं. आधी आवाजच फुटला नाही, आणि मग जो फुटला तो देवबंदरात कधी ऐकलेला नव्हता.

"माका कोणी सांगूक कसा नाय? माझो झील गेलो आणि माका कोणी सांगूक नाय?"

प्रणिता पाण्याचा तांब्या तसाच ठेवून धावली. आईला छातीशी धरून डोलत राहिली. भाई अंगणात निघून गेले. वृंदाला उठताही येईना आणि बघवतही नव्हतं. आपण सही केली ती यावर, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

पाच मिनिटांत लीलाताई शांत झाल्या. त्यांनी डोळे पुसले, आपण ते का पुसतोय याचं त्यांनाच नवल वाटलं, आणि त्या पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

"बघितलंत?" दिगंबर म्हणाले.

"हे असं दिवसातून किती वेळा होतं?" वृंदाने विचारलं.

"मोजत नाही मी," प्रणिता म्हणाली. "मोजून काय करायचंय?"

वृंदाने चमकून तिच्याकडे पाहिलं. एवढा वेळ ती काहीच बोलली नव्हती. आवाज ओळखायला वृंदाला वेळ लागला नाही. महिनाभर तो आवाज दर शनिवारी तिच्या दुकानात येत होता.

"साळुंकी?"

प्रणिताने नाकारलं नाही. दिगंबर एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा चेहरा काळवंडला.

"तू केलंस हे? आपल्या आईला?"

"चूक होती ती. मी दुरुस्त केली."

"दोन वर्षं सुखात होती गं ती!"

"ती होती," प्रणिता म्हणाली. "मी नव्हते. तुम्ही सकाळी कारखान्यात जाता. इथे काय चालायचं ते मला विचारा. रोज गुरूसाठी बांगड्याची मोठी तुकडी बाजूला काढायची. मी तिला न्हाऊ घातलं की म्हणायची, तू कित्याक करतंस, गुरूची बायको येतली, ती करतली. मला सांगायची, तू तुझ्या घरी जा, माझो झील माका बघतलो. शेजाऱ्यांना सांगायची, की हीच त्याला घरात येऊ देत नाही. ते मी सोसलं. ते आजारपण आहे, कळतं मला."

तिने पदराने तोंड पुसलं.

"गुरू गेला तेव्हा मी बारावीत होते. बाबा अंथरुणाला खिळलेले. आई आणि मी, दोघीच. रात्रंदिवस बंदरावर उभ्या राहायचो. ती जेवायची नाही, मी भरवायचे. एका गोधडीत झोपायचो. त्या वर्षाने मला माझी आई दिली हो. त्याआधी ती सगळी रेडिओची होती आणि गुरूची होती. आणि त्या यंत्राने ते वर्षच पुसून टाकलं. गुरू परत आला, तर मग ते वर्ष झालंच नाही. आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलोच नाही. मी यंत्राला सांगून बघितलं. मला म्हणतं, 'तुमचं म्हणणं नोंदीशी जुळत नाही.' माझा भाऊ मेला, आणि नोंदीशी जुळत नाही! तेवढ्यात तुमची हाक वाचली, काडीमोड मोहिमेसाठी स्वयंसेवक हवेत. म्हटलं, ठीक आहे. नोंदच दुरुस्त करू."

"आणि आता?" दिगंबरांनी विचारलं. "आता मिळाली आई?"

"पहिल्या दिवशी मिळाली." प्रणिताचा आवाज बारीक झाला. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती रडली, मला जवळ घेतलं आणि म्हणाली, तेवां तू एकटीच होतंस गो माझ्यावांगडा. मीच तिच्याबरोबर होते, हे इतक्या वर्षांनी. त्यानंतर नाही म्हणाली. नुसतीच रडते. मला वाटलं होतं की एकदा रडेल आणि मग तिला ते माहीत असेल. मला एवढंसुद्धा कळलं नाही, की तिला माहीत राहणार नाही."

रस्त्यावरून बर्फाची गाडी गेली.

वृंदाला वाटलं होतं की इथे येऊन आपल्याला निर्णय सुचेल. वाक्य परत घालणं तिच्या हातात होतं, मोहिमेची प्रमुख म्हणून ती पान थेट मागे फिरवू शकत होती. खोटं आहे हे ठाऊक असताना त्यावर तीन माणसांची मुद्रा उमटवायची. आज एका म्हातारीसाठी. उद्या कोणी दुसरा येईल, त्याचंही दुःख खरंच असेल. आणि नाही घातलं, तर हे असंच उद्या, परवा, रोज. ती भाईंकडे वळली. भाई अंगणातून परत येऊन दारात टेकले होते.

"भाई, तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणू? मी आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या, तेव्हा कोणी रडताना बघितलं नाही." त्यांनी खिशातून पानाचा कागद काढला. "पण पान त्यांचं आहे. आपण वाचून दाखवलेलं नाही. नियम तुझाच ना?"

वृंदाला स्वतःची शरम वाटली. सगळे मिळून लीलाताईंचं काय करायचं ते ठरवत होते आणि लीलाताई चार हातांवर लसूण सोलत होत्या.

वाचन ऐकताना कलाकाराच्या कानात दुसरं काही नको, अशी कोशाची पद्धत होती. प्रणिताने आठवणकर काढून चार्जिंगच्या डबीत ठेवला. लीलाताई लगेच भांबावल्या. भिंतीकडे, दाराकडे, आपल्या हातांकडे बघू लागल्या. दिगंबर पुढे सरसावले, पण तेवढ्यात भाईंनी वाचायला सुरुवात केली. संथ, खणखणीत, छापखान्यातल्यासारखं. "लीलावती तोरसकर स्वल्पविराम नभोनाट्य कलाकार पूर्णविराम."

लीलाताईंची पाठ ताठ झाली. हात मांडीवर आले. मान किंचित कलली, जशी ध्वनिक्षेपकासमोर कलत असेल. वाचला जाणारा कागद त्यांच्या शरीराला ओळखीचा होता. मधे भाई एका लांब वाक्यावर अडखळले, तर त्यांनी बोटाने खूण केली, पुढे चल, तोडू नको. प्रणिता तोंडावर हात धरून बघत होती.

कुटुंबाचा परिच्छेद आला. भाईंनी वृंदाकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"मुलगा गुरुनाथ वादळात बेपत्ता झाला पूर्णविराम. शोध थांबवण्यात आला पूर्णविराम. त्यानंतर काही महिन्यांनी लेखक सामंत यांनी चंद्रामावशीचा मुलगा रघू परत येण्याचा प्रसंग लिहिला पूर्णविराम."

लीलाताई रडल्या नाहीत.

"माझ्यासाठी लिवल्यानी तो," त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता. हीच चंद्रामावशी. "सामंत घरी इले. म्हणाले, लीलाबाई, माझ्या हातात इतक्याच आसा. रघूक मी हाडतंय. तुका बोलाक जमात?"

"मग?" वृंदाने हळूच विचारलं.

"जमला. एका दमात केलंय. रघू इलो, तेका जेवक वाढलंय. सगळे रडले थंय. मी नाय रडलंय." त्यांनी प्रणिताकडे पाहिलं, नीट, ओळखून. "घरी इलंय तर ह्या चेडू दारात बसलेला. उपाशी. माझी वाट बघत."

प्रणिता त्यांच्या पायाशी बसली.

वृंदाने सगळं सांगितलं. जमेल तितकं सोपं करून. पानावर गुरू परत आला असं लिहिलं तर काय होतं आणि नाही लिहिलं तर काय होतं. लीलाताई ऐकत होत्या. किती पोचत होतं कोण जाणे, पण त्यांनी मधे तोंड फिरवलं नाही.

"लीलाताई, कुठलं ठेवू?"

"खरा आसा ता ठेव," त्या म्हणाल्या. "रघूक सामंतांनी हाडलो, तो त्यांचो. माझो झील दर्यान न्हेल्यान. तेका बोटीर असो अर्ध्यार सोडू नको."

दिगंबरांनी खाली बघितलं. मग ते म्हणाले, "त्यांनीच सांगितलं म्हटल्यावर मी कोण?" त्यांच्या बोलण्यात राग उरला नव्हता, थकवा होता. भाईंनी कागदाची घडी केली. वृंदाच्या मनावरचा धोंडा सरकला. नियम पाळला गेला होता. ज्याचं पान त्याने हो म्हटलं होतं. आता कोणी विचारलं तर सांगता येईल, की आम्ही काही लादलं नाही, आम्ही विचारलं. पान आहे तसंच राहील, असं ती दिगंबरांना म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा आवाज खंबीर होता.

निघायची वेळ झाली. प्रणिता पोहे करायला आत गेली होती, नको म्हटलं तरी. दिगंबर भाईंना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. आठवणकर अजून डबीत होता, त्याचा दिवा विझलेला. वृंदा नमस्काराला वाकली, तसा लीलाताईंनी तिचा हात धरला. पकड घट्ट होती. चेहऱ्यावर मघाचं काही उरलं नव्हतं. डोळ्यांत फक्त काळजी होती, कोणत्याही आईच्या असते तेवढी.

"बाय, तू बंदराकडसून इलंस मा?" त्यांनी विचारलं. "माझो गुरू दिसलो काय गो थंय?"

आतला कढईचा आवाज थांबला. प्रणिता झाऱ्यासकट दारात येऊन उभी राहिली. ती नुसती वृंदाकडे बघत राहिली, आता ही काय सांगते ते ऐकायला.

वृंदाच्या हातात आता पान नव्हतं, भाईंचा आवाज नव्हता, आणि मुद्रेला लागतात त्या तिघांपैकी बाकीचे दोघंही नव्हते.

"सांग मा गो," लीलाताई म्हणाल्या. "इलो काय तो?"